ध्यानाला एकत्र बसा, पण शेजारी कोण बसलंय तेही बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका ताईंचं पत्र आलं होतं. शहरातल्या थोड्या लोकांनी जरी रोज एकत्र बसून ध्यान केलं तरी दंगली होणार नाहीत, जगात पुरेशी माणसं बसली तर युद्धंसुद्धा थांबतील, आणि हे सायन्सनं सिद्ध झालंय असं त्यांनी लिहिलं होतं. वाचलं आणि दोन दिवस डोक्यातनं जाईना, लेथवर जॉब लावलाय आणि मन तिकडंच, म्हणून शेवटी लिहायला बसलोय. पत्र लांब होणार आहे, जागा नसेल तर कापा पण अर्थ उलटा निघेल असं कापू नका एवढी विनंती.

आधी माझं सांगतो. उद्यमनगरात माझं टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातूचे पार्ट करून द्यायचं, छोटं शॉप आहे, चार पोरं कामाला आहेत. ध्यान मी २००९ पासून करतोय. हातकणंगल्याजवळ आळत्याला विपश्यनेचं केंद्र आहे, तिथं दहा दिवसांचं शिबिर दोनदा केलंय, दहा दिवस कुणाशी बोलायचं नाही, मोबाईल जमा, पहाटे चारला घंटा. वडील गेल्यावर भावाभावात वाटणीवरनं जे काही झालं त्याचा राग मी कितीतरी वर्षं पोटात घेऊन फिरत होतो, तो तिथं पहिल्यांदा मला दिसला, म्हणजे राग हा असा असतो, छातीत इथं असतो, आणि आपण काहीच केलं नाही तर थोड्या वेळानं उतरतो, हे कळलं. त्यानंतर घरात माझा आवाज खाली आला. त्यामुळं ध्यानाला थोतांड म्हणणाऱ्यातला मी नाही, उलट मला ते इतकं मोलाचं वाटतं की त्याच्या नावावर कच्चा माल खपवू नये असं वाटतं.

आता ताईंनी लिहिलेली थिअरी. ती महर्षी महेश योगींची. महर्षी मूळचे फिजिक्सचे, अलाहाबाद युनिव्हर्सिटीत शिकलेले, पुढं ज्योतिर्मठाच्या शंकराचार्यांचे शिष्य झाले, भावातीत ध्यान जगभर नेलं, २००८ मध्ये हॉलंडमध्ये गेले. त्यांचं म्हणणं असं की एखाद्या गावातल्या एक टक्का लोकांनी ध्यान केलं तर सगळ्या गावाचं वातावरण सुधारतं, गुन्हे कमी होतात. नंतर १९७६ मध्ये त्यांनी सिद्धी प्रोग्रॅम म्हणून पुढची पायरी काढली आणि मग म्हणायला लागले की ती करणारे एका ठिकाणी एकत्र बसले तर एक टक्कासुद्धा नको, एक टक्क्याचं वर्गमूळ पुरे.

मी कॅल्क्युलेटर काढून हिशोब केला. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साधारण साडेपाच लाखाचं. एक टक्का म्हणजे साडेपाच हजार, त्याचं वर्गमूळ ७४. अख्ख्या जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार, त्याला १९७ माणसं लागतात. आणि आठशे कोटी जगाला नऊ हजाराला थोडी कमी. बघा म्हणजे, ७४ माणसं तर एका तालमीत बसतील. एवढ्यात शहर शांत राहणार असेल तर कुणाला नको आहे हो? मलाही आकडा बघून आनंदच झाला होता पहिल्यांदा, खोटं कशाला सांगू.

पण जॉब हातात आला की आम्ही टर्नर लोक आधी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, लावतो, डोळ्याला गोल दिसतोय म्हणून पास करत नाही. तसं इथं पण बघायला पाहिजे. या थिअरीचे दोन प्रयोग सगळ्यात जास्त सांगितले जातात. एक १९८३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधला जेरुसलेमचा. तेव्हा शेजारी लेबनॉनमध्ये लढाई चालू होती, आणि ज्या दिवशी ध्यानाला बसणाऱ्यांची संख्या जास्त त्या दिवशी तिथली हिंसा कमी असं त्यांनी मांडलं. १९८८ मध्ये ते 'जर्नल ऑफ कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन' या चांगल्या नावाच्या नियतकालिकात छापून आलं, त्यामुळं त्याला किंमत आली, आणि दोन वर्षांनी त्याच नियतकालिकात त्याच्या पद्धतीवर टीकाही छापून आली, ती मात्र व्हॉट्सॲपवर कुणी फॉरवर्ड करत नाही. दुसरा वॉशिंग्टनचा, ७ जून ते ३० जुलै १९९३. आठशे माणसांपासून सुरू करून चार हजारापर्यंत संख्या नेली आणि म्हणाले हिंसक गुन्हे २३ टक्क्यांनी कमी झाले. आता हे 'कमी' म्हणजे काय ते नीट ऐका. त्यांनी हवामान, आधीच्या वर्षांचे आकडे वगैरे घालून एक अंदाज काढला होता की या उन्हाळ्यात एवढे गुन्हे व्हायला पाहिजेत, आणि त्या अंदाजापेक्षा हे २३ टक्के कमी आहे. अंदाज बदलला की टक्के बदलले. त्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये खून काही थांबले नव्हते, टीका करणाऱ्यांनी हेच बोट दाखवलं. प्रयोग करणारेही बहुतेक त्याच संस्थेतले, त्याच ध्यानावर श्रद्धा असलेले. ते लबाड आहेत असं मी म्हणत नाही. पण ज्यानं जॉब केला त्यानंच इन्स्पेक्शन केलं तर कुठलीही कंपनी माल घेत नाही.

आणि अलीकडचं बघा. २०२३ च्या डिसेंबर अखेरीला हैदराबादजवळ कान्हा शांतिवनमला जगभरातनं दहा हजार ध्यानी जमवायचे, विश्वशांतीसाठी, असा मोठा कार्यक्रम झाला, जानेवारीच्या मध्यापर्यंत चालला. लोक मनापासून गेले असतील, पदरचे पैसे घालून गेले असतील, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण गाझा त्या पंधरा दिवसांत जळतच होतं आणि नंतरही जळत राहिलं, युक्रेन तर २०२२ च्या फेब्रुवारीपासून. तिथं रोज मुलं मरत असताना आपण 'सिद्ध झालंय' हा शब्द एवढ्या सहज वापरू नये असं मला फार वाटतं.

आता ७ जून ही तारीख परत एकदा वाचा. वॉशिंग्टनचा तो प्रयोग सुरू झाला त्याला बरोबर तीस वर्षं झाली त्या दिवशी, ७ जून २०२३ ला, आपल्या कोल्हापुरात काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. आदल्या दिवशी शिवराज्याभिषेक दिन, त्या दिवशी काही पोरांनी मोबाईलवर वादग्रस्त स्टेटस ठेवले, दुसऱ्या दिवशी बंद, शिवाजी चौकात गर्दी, दगडफेक, लाठीचार्ज, अश्रुधूर, इंटरनेट बंद. शाहूंच्या कोल्हापुरात असं झालं म्हणून अख्खा महाराष्ट्र बोलत होता.

त्या दिवशी पहाटे सहाला आम्ही एका शाळेच्या हॉलमध्ये ध्यानाला बसलो होतो. २६ जण. आमचा ग्रुप कुठल्या एका पंथाचा नाही, कुणी विपश्यनावाले, कुणी भावातीतवाले, दोघी-तिघी नामस्मरण करणाऱ्या, गप्प बसायचं एवढाच नियम. बाहेर वातावरण तापलंय हे माहीत होतं म्हणून त्या दिवशी जास्त वेळ बसलो, शांततेसाठी म्हणून मुद्दाम पाऊण तास. छान लागलं होतं ध्यान. आणि दुपारी माझा सख्खा पुतण्या, माझ्याच घरात राहणारा, त्या गर्दीत होता. आणि आमच्या गल्लीच्या तोंडाला गाद्या करणारे चाचा आहेत, माझ्या लग्नातली गादी त्यांच्या वडिलांनी भरलेली, त्यांच्या दुकानाची काच फुटली, आत भरून ठेवलेल्या गाद्या उसवून कापूस रस्त्यावर आला. पावसाळ्याच्या तोंडाला लोक गाद्या दुरुस्तीला टाकतात, म्हणजे ते सगळं दुसऱ्यांचं सामान, चाचांनी नंतर ते एकेकाला भरून दिलं.

मी चाचांकडं गेलो तो नवव्या दिवशी. आठ दिवस तोंड दाखवायचं धाडस झालं नाही. त्यांनी चहा मागवला. बोलता बोलता म्हणाले, "भाऊ, तुम्ही रोज पहाटे गाडीवरनं कुठं जाता, पंधरा वर्षं बघतोय." मी म्हटलं ध्यानाला जातो, गप्प बसायला. ते म्हणाले, "मग आम्हाला कधी बोलवलं न्हाईसा."

संपादक साहेब, माझ्यासाठी सगळा विषय त्या एका वाक्यात आला. आमच्या २६ जणांत एकही मुसलमान नव्हता. तालमीतलं एकही पोरगं नव्हतं. पस्तिशीच्या आतलं कुणीच नव्हतं. ज्यांच्यात भांडण होणार आहे त्यातलं कुणीच तिथं बसलेलं नव्हतं, जी माणसं आधीच कुणावर दगड टाकणार नव्हती ती एकमेकांशेजारी शांत बसून घरी जात होती. ७४ नाही तर ७४० असतो तरी काय झालं असतं, सगळे असलेच असते.

यावर कुणी म्हणेल ध्यान कमी पडलं, अजून खोल पाहिजे. मग म्यानमार बघा. आज आपल्याकडं जी विपश्यना चालते ती गोयंका गुरुजी तिथनं घेऊन आले, ते जन्मले मंडालेला, शिकले ऊ बा खिन यांच्याकडं रंगूनमध्ये, १९६९ ला भारतात आले. ध्यान तिथं घराघरात आहे, लाखो लोक बसतात, वर्गमूळ सोडा, एक टक्क्याच्या वर सहज असतील. त्याच देशात २०१७ च्या ऑगस्टनंतर सात लाखांवर रोहिंग्या जीव मुठीत धरून बांगलादेशात पळाले, गावंच्या गावं जाळली गेली, आणि त्याचं समर्थन करणाऱ्यांत भिक्खूसुद्धा होते. मला हे लिहिताना त्रास होतोय कारण ज्या परंपरेनं माझा राग उतरवला तीच ही परंपरा आहे. दोष ध्यानाचा नाही. पण आपल्यातल्या आपल्यात बसून मन शांत झालं म्हणजे ज्याला आपण 'आपल्यातला' समजत नाही त्याच्याबद्दलही ते मऊ होईलच असं नाही, हे तिथं दिसलं.

यावर अभ्यासही झालाय. २०१८ मध्ये काही संशोधकांनी ध्यानावरचे २२ प्रयोग एकत्र करून तपासले, की ध्यानानं माणूस दुसऱ्याशी चांगला वागतो का. करुणा आणि दुसऱ्याचं दुःख समजणं यात थोडी वाढ दिसली, पण आक्रमकपणा आणि पूर्वग्रह यावर काही खास फरक दिसला नाही. आणि करुणेतली वाढही तिथंच दिसली जिथं ध्यान शिकवणारा गुरुजीच रिसर्च लिहिणाऱ्यात होता. परत तेच व्हर्नियरचं.

पण एक प्रयोग मला फार आवडतो आणि तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१३ चा, अमेरिकेतल्या बोस्टनचा. आठ आठवडे ध्यानाचा कोर्स केलेल्यांना आणि न केलेल्यांना एकेक करून एका वेटिंग रूममध्ये बोलावलं, तीनच खुर्च्या, दोनवर त्यांचीच माणसं बसवलेली, तिसरीवर हा बसला. मग कुबड्या घेतलेली, पायाला दुखापत झालेली एक बाई येते, कण्हते, भिंतीला टेकते. बाकीचे दोघं मुद्दाम मोबाईलमध्ये बघत राहतात. ध्यान न केलेल्यांत शंभरातले १६ उठले, ध्यान केलेल्यांत ५०. आमच्या केएमटीच्या बसमध्ये रोज हाच प्रयोग चालू असतो. तर मला ध्यानाकडनं एवढी आशा आहे, आणि ती माझ्या मते लहान नाही. म्हातारी समोर उभी असली तर हा उठेल. पण त्यासाठी ती म्हातारी त्याच खोलीत आली पाहिजे ना. शहराच्या दुसऱ्या टोकाला हॉलमध्ये डोळे मिटलेल्या माणसाच्या मनातनं लहर निघून इथल्या पोराच्या हातातला दगड खाली पडेल, हे मला कुणी अजून दाखवलेलं नाही.

मग दंगल कशानं थांबते? भिवंडीचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलंच आहे आणि नव्या पिढीला माहीतच नाही. १९७० ला तिथं भयंकर दंगल झाली, १९८४ ला परत. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथं पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या चालू केल्या, दोन्ही समाजातली माणसं घेऊन, पुढारी नाही तर रोज रस्त्यावर दिसणारी साधी माणसं, आणि नुसतं सणाच्या आधी नाही तर वर्षभर बैठका, त्यात भांडणं लहान असतानाच मिटवायची. १९९२ च्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत ९०० माणसं मेली, आणि तिथनं तासाभरावरची भिवंडी शांत राहिली, जी खरं तर सगळ्यात आधी पेटायला पाहिजे होती असं सगळे धरून चालले होते. आशुतोष वार्ष्णेय म्हणून प्राध्यापक आहेत, त्यांनी दंगल होणारी आणि न होणारी शहरं जोडीजोडीनं अभ्यासली, अलीगढ आणि कालिकत अशी, त्यांचंही हेच निघालं की जिथं हिंदू-मुसलमान धंद्यात, युनियनमध्ये, क्लबात रोजच्या कामासाठी एकत्र बसतात तिथं अफवेला पाय फुटत नाहीत.

आणि हे आपल्या कोल्हापूरला कुणी शिकवायची गरज होती का? शाहू महाराजांनी एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढून दिली, दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्याभोवती बघा, मुस्लिम बोर्डिंग, जैन बोर्डिंग, हाकेच्या अंतरावर. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलाय. किती तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही, आणि तिथीमुळं दोन्ही एकाच आठवड्यात आले तेव्हा एकाच मांडवात बसले. कुरुंदवाडला तर मशिदीत गणपती बसवतात. अंबाबाईच्या गावात आमच्या आजोबांना हे सगळं कौतुक करण्यासारखं पण वाटत नव्हतं, रोजचंच होतं. आता आम्ही ते भाषणात सांगतो. आणि पुढच्याच वर्षी, १४ जुलै २०२४ ला, विशाळगडाच्या पायथ्याला गजापूरला घरं फोडली, मशीद फोडली, आपल्याच जिल्ह्यात.

आमच्या ग्रुपची गोष्ट अर्धी राहिली. चाचांचं ते वाक्य मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं. सरळ सोपं काही झालं नाही. चार जण म्हणाले आपली जागा शांत आहे ती बिघडवू नका, त्यातले दोघं सोडून गेले. चाचांच्या बाजूनंही प्रश्न होता, त्यांच्या जमातीतले काही म्हणाले हे ध्यान-बिन आपल्यात चालतं का, मंत्र म्हणायला लावतील. मग ठरलं की गुरुवारी संध्याकाळची वेगळी बैठक करायची, फोटो नाही, उदबत्ती नाही, मंत्र नाही, ओंकार नाही, कुणाचा जयजयकार नाही, सतरंजीवर किंवा खुर्चीवर वीस मिनिटं श्वासाकडं बघत बसायचं, ज्याला मनातल्या मनात आपलं जे आहे ते म्हणायचंय त्यानं म्हणावं. वेळ संध्याकाळची मगरिबची नमाज झाल्यावर आणि रात्रीच्या इशाच्या नमाजेआधी, म्हणून उन्हाळ्यात साडेसात आणि थंडीत साडेसहा. नंतर चहा. चहा सक्तीचा आहे, कारण खरं काम चहातच होतं हे दोन महिन्यांत कळलं.

आज आम्ही ३१ जण आहोत, त्यातले नऊ मुसलमान, पाच पोरं तालमीतली. एक फौजेतले रिटायर्ड हवालदार आहेत, सैनिक टाकळीचे. माझा पुतण्या सात महिन्यांनी आला, पहिले चार गुरुवार नुसता चहाला, बाहेर गाडीवर बसून. आता बसतो आत. चाचांच्या धाकट्या पोराबरोबर त्याची ओळख कशी झाली तर फुटबॉलवरनं, दोघं वेगवेगळ्या पेठेच्या टीमचे, शाहू स्टेडियमवर समोरासमोरच्या गॅलरीत बसणारे, त्यावरनं अजून जोरात वाद घालतात.

एक गोष्ट मला सुरुवातीला कळली नव्हती ती सांगतो. एखाद्याशेजारी डोळे मिटून बसणं ही साधी गोष्ट नाही. पहिल्या दिवशी त्या हॉलमध्ये निम्मी माणसं डोळे किलकिले करून बघत होती, मी पण. तुम्ही डोळे मिटता म्हणजे तुम्ही शेजारच्याला म्हणताय की माझ्यावर लक्ष ठेवायची गरज तुला नाही आणि तुझ्यावर ठेवायची मला नाही. बोलून हे होत नाही, बोललं की लगेच माझं बरोबर तुझं चूक सुरू होतं, औरंगजेब निघतो, टिपू निघतो. वीस मिनिटं गप्प बसून मग चहाचा कप हातात आला की पहिला विषय गुडघेदुखीचा निघतो.

गजापूरचं झालं त्या आठवड्यात एका रात्री साडेअकराला एक व्हिडिओ फिरला, आपल्याच शहरातला आहे म्हणून. पुतण्याच्या ग्रुपवर आला, खाली शिव्या सुरू. त्यानं चाचांच्या पोराला फोन लावला, हे कुठलं आहे रे. त्यानं सांगितलं कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यातला जुना आहे, मलाही सकाळी आलाय. पुतण्यानं ग्रुपवर तेवढं लिहिलं, आणि त्या गल्लीपुरता विषय तिथंच मिटला. यानं दंगल टळली असं मी म्हणणार नाही, नाहीतर मीही अंदाजाला टक्केवारी लावणाऱ्यातला झालो. पण वर्षभरापूर्वी त्याच पोराच्या मोबाईलमध्ये फोन लावायला असा एकही नंबर नव्हता, हे मला पक्कं माहीत आहे.

तुरुंगातला अनुभवही असाच आहे. १९९४ च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या तिहारमध्ये किरण बेदी असताना हजारावर कैद्यांनी एकाच वेळी दहा दिवसांचं शिबिर केलं. लोकांना कैदीच आठवतात, पण तुरुंगातल्या स्टाफपैकीही काहींनी शिबिरं केली होती. ज्याच्या हातात काठी आहे तो आणि ज्याच्या पाठीवर पडते तो, दोघांनी तेच केलं, माझ्या मते तिहारचं यश तिथं आहे.

युद्धाबद्दल मी जास्त बोलत नाही. आमचे हवालदार म्हणतात की बॉर्डरवरच्या पोस्टवर रात्रभर डोळ्यात तेल घालून बसणारा जवान जेवढा शांत असतो तेवढं इथं कुणी नाही, पण लढाई सुरू करायची का हे त्याला कुणी विचारत नाही. २०२५ च्या मे महिन्यात चार दिवस पाकिस्तानबरोबर जे चाललं होतं तेव्हा आमच्या गुरुवारच्या बैठकीला ते आले नाहीत, त्यांचा मुलगा तिकडं होता. इकडं मोबाईलवर घरात बसून लोक लाहोर घेत होते. युनेस्कोच्या घटनेत १९४५ साली लिहिलंय की युद्ध माणसाच्या मनात सुरू होतं म्हणून शांततेची तटबंदीही मनातच बांधायला पाहिजे. मला ते पटतं. पण ती बांधायची म्हणजे ज्या घरातलं पोरगं सीमेवर आहे त्या घरात जाऊन बसणं, त्या आईच्या शेजारी, मग आपला स्टेटस टाकणं. आम्ही तेव्हा सहा जण हवालदारांच्या घरी गेलो, चाचा पण होते, तिथंच वीस मिनिटं बसलो. काकींनी रेडिओ बंद केला.

आता माझं मागणं. ६ मे २०२२ ला शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी दहा वाजता आपलं शहर, सगळा जिल्हा, १०० सेकंद जागेवर थांबला होता, आठवतंय का? मी शॉपचा मेन स्विच बंद केला. उद्यमनगरात कामाच्या दिवशी दहा वाजता लेथचा, ग्राइंडरचा, हातोड्याचा आवाज नाही हे मी पहिल्यांदा ऐकलं. रस्त्यावर रिक्षावाले गाडीतनं उतरून उभे, समोरच्या फाउंड्रीतले बिहारी कामगार उभे, चाचा दुकानाबाहेर उभे, एक शाळेची बस, त्यातली पोरं गप्प. त्या १०० सेकंदात कोण कुठल्या जातीचा हे कुणी बघत नव्हतं. कुठल्याही थिअरीशिवाय, एक टक्का नाही, लाखो माणसं एकत्र गप्प उभी राहिली. आणि तेरा महिन्यांनी तेच रस्ते, तेच चौक. म्हणजे शंभर सेकंद पुरत नाहीत. पण हे शहर एकत्र थांबू शकतं हे तर आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

माझं म्हणणं आहे की ज्या ताईंना ७४ माणसं पाहिजेत त्यांनी ७४ जमवावीतच, मी त्यांना मदत करतो, पण ती निवडून जमवावीत. पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, गणपतीच्या आधी, ईदच्या आधी, तेच तेच पुढारी, तीच भाषणं, फोटो, चहा-बिस्किट. ती दर महिन्याला घ्या, त्यात तालमीची विशीतली पोरं घ्या, मोहल्ल्यातली विशीतली पोरं घ्या, बायका घ्या, कारण घरातलं पोरगं रात्री कुठल्या मूडमध्ये बाहेर पडलं हे आईला आधी कळतं, आणि भाषणाच्या जागी पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसा. नंतर एकमेकांचे नंबर घ्या. खर्च शून्य आहे. आणि दरवर्षी ६ मे ला तालमींनी पुढाकार घेऊन आपापल्या दारात, शेजारच्या मोहल्ल्यातल्या लोकांना बोलावून, १०० सेकंदांऐवजी दहा मिनिटं बसायला काय हरकत आहे. तुमच्या पेपरनं हे उचललं तर होईल, तुमचं तालीमवाले ऐकतात.

कुणाला आमच्याबरोबर बसायचं असेल तर गुरुवारी या. शाळेच्या हॉलला सध्या रंग लावायचं काम चालू आहे म्हणून पुढचे तीन गुरुवार चाचांच्या दुकानात बसतोय, जागा लहान आहे पण बसायला गाद्या आहेत.

आपला नियमित वाचक,
एक टर्नर, उद्यमनगर, कोल्हापूर